मचूळ पाण्यातले नॅनोकण : चांदी आणि मॅग्नेटाइटवरच्या कामाच्या नोंदी

रत्नागिरी तालुक्यात, खाडीजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलेलं काम. हेच कोणाला करायचं असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे वाचावेत, म्हणून नोंदी चुकांसकट ठेवल्या आहेत.

१२ फेब्रुवारी २०२४

कामं दोन. पहिलं, चांदीच्या नॅनोकणांचा पिवळा रंग उडतो का यावरून पाण्यातला पारा ओळखणं. दुसरं, मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात सोडून सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) धरणं आणि ते कण चुंबकाने बाहेर ओढणं.

पाणी तीन प्रकारचं: डिस्टिल्ड, सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) पायथ्याला जांभ्यात खोदलेल्या विहिरीचं, आणि खाडीकाठच्या विहिरीचं, जे होळीनंतर मचूळ लागतं. या विहिरी दूषित आहेत असं कोणी समजू नये. पारा आणि क्रोमियम मोजून मिसळलं ते आम्हीच, प्रयोगशाळेत. दोन्ही विषारी आहेत. हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारं कपाट नसेल तिथे हे काम करू नका.

१५ फेब्रुवारी

चांदीचे कण, पहिला घाणा. २ मिलीमोलर सोडियम बोरोहायड्राइड ३० मिली, बर्फात ठेवलेलं. त्यात १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट १० मिली, सेकंदाला साधारण एक थेंब.

सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण करतानाच पांढुरकं झालं. कारण लगेच सापडलं. बीकर नळाच्या पाण्याने विसळून तसाच घेतला होता. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला धरतं आणि सिल्व्हर क्लोराइडचा गढूळपणा येतो. आता या कामाची काच वेगळी ठेवली आहे. शेवटचे तीन विसळ डिस्टिल्डचे, आणि पुसायचं नाही.

१६ फेब्रुवारी

दुसरा घाणा राखाडी-तपकिरी. बोरोहायड्राइडचं द्रावण आदल्या संध्याकाळी करून ठेवलं होतं, ते रात्रीत मेलं. पाण्यात ते सतत फुटत राहतं आणि हायड्रोजन सोडतं. शिवाय आपल्या हवेत बाटलीतली पूडसुद्धा दमट होऊन गोळा धरते. पूड सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, द्रावण वापरायच्या दहा मिनिटं आधी बर्फासारख्या पाण्यात करा.

वजनाची अडचण: १०० मिलीला ७.६ मिग्रॅ लागतं, आणि आमचा काटा तेवढं नीट दाखवत नाही. म्हणून ७६ मिग्रॅ १०० मिलीत विरघळवून त्यातले १० मिली पुन्हा १०० पर्यंत नेले. सिल्व्हर नायट्रेट १०० मिलीला १७ मिग्रॅ, तेही असंच.

तिसरा घाणा जमला. स्वच्छ, पारदर्शक पिवळा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या लांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) शोषणाचं शिखर ३९८ नॅनोमीटरला, म्हणजे कण बारीक आणि सुटे आहेत. शेवटचा थेंब पडला की ढवळणं बंद करा. पुढे ढवळत राहिलो तेव्हा रंग गडद होत गेला आणि कण एकमेकांना चिकटले.

२२ फेब्रुवारी

पारा मिसळलेलं डिस्टिल्ड पाणी घेतलं. चांदीचं द्रावण ३ मिली, नमुना १ मिली. लिटरला १ मिग्रॅ पारा असतानाही रंगात काही फरक नाही. दोन दिवस हीच चाचणी परत परत केली, तेवढे दिवस गेले.

शेवटी हिशेब मांडला आणि चूक दिसली. पाऱ्याचा आयन चांदीकडून इलेक्ट्रॉन घेतो. पारा कणावर बसतो आणि चांदी विरघळून पाण्यात जाते. एका पाऱ्याला दोन चांदीचे अणू खर्ची पडतात. आमच्या ३ मिलीत चांदी होती ७५० नॅनोमोल आणि नमुन्यात पारा फक्त ५. एवढ्या चांदीतून १० नॅनोमोल गेली तर डोळ्याला काय दिसणार?

म्हणून पिवळं द्रावण डिस्टिल्डने दहापट पातळ केलं आणि दोन्ही २-२ मिली घेतले. आता चांदी ५० नॅनोमोल, पारा १०. फिकट पिवळा रंग दहा मिनिटांत जवळजवळ अर्धा उतरला. लिटरला अर्धा मिग्रॅ असेल तर पांढऱ्या कागदापुढे कोऱ्या (पारा न मिसळलेल्या) नमुन्याशेजारी नळी धरल्यावर फरक कळतो. त्याखाली डोळ्यांवर भरवसा नको.

आणखी एक: कण केल्या केल्या वापरू नका. उरलेलं बोरोहायड्राइड पाऱ्यालाच धातूरूप देतं आणि चाचणी फसते. रात्रभर अंधारात ठेवून सकाळी वापरा.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिग्रॅ आहे. आपली डोळ्यांची चाचणी त्याच्या पाचशे पट वर काम करते. ‘पाणी पिण्यालायक आहे का’ हे या नळीवरून सांगणं धोक्याचं आहे, आणि असं सांगणारे व्हिडिओ बघून कोणी विश्वास ठेवू नये.

११ मार्च

अमावास्या काल झाली, उधाण आहे. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मुद्दाम दोनदा आणलं. सकाळी सातला टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ११४० मिग्रॅ. दुपारी भरती भरून गेल्यावर अडीच वाजता १८६०. विहीर तीच, पोहरा तोच. नमुन्याच्या बाटलीवर तारखेबरोबर भरतीची वेळ लिहिली नाही तर पुढचे सगळे आकडे निरर्थक.

या पाण्यात पारा अजिबात मिसळला नव्हता. तरी पिवळा रंग दोन मिनिटांत राखाडी झाला आणि अर्ध्या तासात तळाला काळपट गाळ बसला. कणांवरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मिठाचे आयन तो भार झाकतात आणि कण एकत्र येतात. म्हणजे मीठही रंग घालवतं आणि पाराही. ही चाचणी वाचायची ती रंग जाण्यावरूनच. जांभ्याच्या विहिरीचा टीडीएस ७० च्या आसपास, त्यात रंग टिकला.

१४ मार्च

उपाय म्हणून कणांना पीव्हीपीचं (पाण्यात विरघळणारं एक पॉलिमर) आवरण दिलं. पातळ करण्याआधी ०.३ टक्के द्रावणाचे थेंब. मचूळ पाण्यातही रंग तासभर टिकला. पण आता लिटरला १ मिग्रॅ पाराही नीट दिसेना. जे आवरण मिठाला अडवतं ते पाऱ्यालाही अडवतं. शिवाय क्लोराइड पाऱ्याशी जोडी करून त्याला आणखी मंद करतं.

मग कोऱ्या नमुन्याचा प्रश्न आला. पारा मिसळलेलं आणि न मिसळलेलं तेच पाणी शेजारी ठेवून आम्ही तुलना करत होतो. खऱ्या कामात अनोळखी विहिरीचं ‘पारा नसलेलं तेच पाणी’ कुठून आणणार? जवळचा मार्ग एवढाच: टीडीएस मोजा, डिस्टिल्डमध्ये तेवढंच मीठ घालून कोरा नमुना करा, आणि टीडीएस ३०० च्या वर असेल तर चाचणी करूच नका.

चांदीचं काम इथे थांबवलं. एकूण महिना गेला. साहित्यात सगळ्यात महाग सिल्व्हर नायट्रेटच, आणि त्यातलं बरंचसं फसलेल्या घाण्यांत संपलं. हे सगळं डिस्टिल्डवर बसवून मग विहिरीकडे गेलो, तिथेच वेळ घालवला. पहिल्या दिवशीच मचूळ पाण्याचा एक थेंब टाकून बघायला हवा होता.

२० मार्च

मॅग्नेटाइट. कृती: फेरिक (तीन-संयुजी) आणि फेरस (दोन-संयुजी) लोह २ ला १ प्रमाणात, त्यात अमोनिया. फेरिक क्लोराइड (सहा पाण्याचं) ५.४१ ग्रॅम, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट २.७८ ग्रॅम, पाणी १०० मिली. हिशेबाने २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळायला हवं.

मिळाला तांबूस-तपकिरी चिखल. चुंबक लावला तर आळसावून थोडा सरकला. अमोनिया पडताच काळा कुळकुळीत रंग आला नाही तर पुढे ढवळण्यात अर्थ नाही, टाकून द्या.

दोन कारणं निघाली. हिराकस जुना होता. हिरव्या खड्यांवर पिवळट-तांबडी साय धरली होती, म्हणजे फेरसचं फेरिक झालेलं. आणि फेरिक क्लोराइड हवेतली ओल एवढी पितं की बाटलीच्या तळाला काकवीसारखा पाक झाला होता. ५.४१ ग्रॅम तोललं त्यात पाणी किती होतं देव जाणे. दोन्ही चुका प्रमाण उलट बाजूंना ढकलतात.

२२ मार्च

हिराकसाऐवजी फेरस अमोनियम सल्फेट, ३.९२ ग्रॅम. हवेत ते बरंच टिकतं. फेरिक क्लोराइडची नवी १०० ग्रॅमची बाटली फोडल्या फोडल्या सगळी विरघळवून साठा द्रावण केलं, आता तोलायचं नाही, पिपेटने मोजायचं. काट्याची ताटलीही वाचते, ते पडलं की गंज आलाच. पाणी १५ मिनिटं उकळून, झाकून निववलेलं, म्हणजे विरलेला ऑक्सिजन जातो. ७० अंशाला २५ टक्के अमोनिया २० मिली. हिशेबाने लागतो त्याच्या तिप्पट आहे, पण पीएच १० च्या वर राहिला पाहिजे.

क्षणात काळं झालं.

आणि लगेच दुसरी चूक. चुंबकी स्टररवर ठेवलं होतं. अर्ध्या तासाने बघतो तर ढवळणाऱ्या पांढऱ्या कांडीवर काळी केसाळ सुरवंटासारखी साय, निम्मा माल तिथेच. वरून पंख्याने ढवळणारा स्टरर नसेल तर काचेच्या कांडीने हाताने ढवळा.

चुंबक ५० मिमी व्यासाचा निओडायमियम, ७०० रुपयांना पडला. तो नेहमी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून वापरायचा. उघडा लावला तर कण निघत नाहीत. घासून, धुऊन, चिकटपट्टीनेही नाहीत. पिशवी असली की चुंबक बाहेर काढला आणि कण पाण्यात सुटले.

सहा वेळा धुतलं. वाळवलं २.१ ग्रॅम.

२७ मार्च

वाळवणंच चुकलं. ओव्हनमध्ये ९० अंशाला ठेवलेला माल कडेने तपकिरी झाला आणि खडा बनला. खलात कुटून पूड केली तरी पाण्यात परत सुटे कण होत नाहीत. पृष्ठभाग गेला तर नॅनोकण करण्याचा उपयोग काय?

आता कण पाण्याखालीच, काठोकाठ भरलेल्या घट्ट बाटलीत. मात्रा मिलीत द्यायची. बाटली जोरात हलवून ५ मिली तोललेल्या वाटीत वाळवायचं आणि एका मिलीत किती मिग्रॅ ते काढायचं. आमचं १९ निघालं. दर पंधरवड्याला पुन्हा तपासायचं.

४ एप्रिल

क्रोमियम. पोटॅशियम डायक्रोमेट ०.२८२९ ग्रॅम एक लिटरमध्ये म्हणजे लिटरला १०० मिग्रॅ क्रोमियमचा साठा. त्यातून लिटरला ५ मिग्रॅचे नमुने केले. १०० मिलीला १०० मिग्रॅ कण, एक तास ढवळून चुंबकावर. मोजणी डायफिनाइल कार्बाझाइडने, जे सहा-संयुजी क्रोमियमबरोबर जांभळा रंग देतं: २५० मिग्रॅ ५० मिली ॲसिटोनमध्ये, तपकिरी बाटलीत. आम्ल करून रंग आणायचा, दहा मिनिटं थांबून ५४० नॅनोमीटरला वाचायचं. द्रावणाला रंग चढू लागला की नवीन करा.

पहिल्या वाचनात काही नळ्यांत क्रोमियम मुळापेक्षा जास्त! दोन गोष्टी होत्या. आम्लात कणांतलं लोखंड विरघळतं आणि त्याचा पिवळा रंग वाचनात मिसळतो. फॉस्फोरिक आम्लाचे पाच थेंब टाकल्यावर तो दबला. दुसरं, वरचं पाणी डोळ्यांना नितळ दिसत होतं, पण खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च आडवा मारला तर नळीत प्रकाशाची पांढुरकी रेघ उमटली. सगळ्यात बारीक कण चुंबकाला न जुमानता पाण्यातच होते. ही टॉर्चची तपासणी आता प्रत्येक नमुन्याला. फुकट आहे, आणि गाळणकागदावर विसंबण्यापेक्षा खरी.

दुरुस्त करून वाचलं ते असं: पीएच ३ ला ५ मिग्रॅचे ०.४ उरले. पीएच ६.२ ला २.६. पीएच ८ ला ३.९. क्रोमेटवर ऋण भार असतो. आम्लात मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावर धन भार असतो म्हणून तो ओढतो. पीएच ७ च्या पुढे पृष्ठभागही ऋण होतो आणि ढकलतो.

१० एप्रिल

मचूळ पाणी. ज्या मिठाने चांदीचं काम बिघडवलं, त्याच मिठाने इथे मदत केली. कण दोन-तीन मिनिटांत एकत्र येऊन चुंबकावर बसले आणि टॉर्चची रेघ गेली. डिस्टिल्डमध्ये रात्रभर ठेवूनही ती जात नव्हती.

पण क्रोमियम कमी धरलं गेलं. त्याच पीएचला डिस्टिल्डपेक्षा साधारण पाऊणपट. समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट येतं, ते क्रोमेटसारखंच दोन ऋण भारांचं, आणि जागेसाठी भांडतं. नुसत्या मिठाच्या द्रावणात तेवढी घट आली नाही, सोडियम सल्फेट घातल्यावर आली. म्हणून दोष सल्फेटचा असं आम्ही धरतो.

२ मे

बारीक कण निसटू नयेत म्हणून ते करवंटीच्या कोळशावर बसवायचं ठरलं. करवंट्या फुकट. पत्र्याच्या डब्यात दाबून भरल्या, झाकणाला खिळ्याने एकच भोक, बाहेरून जाळ. भोकातून येणारा धूर बंद झाला की झालं. झाकण गार होईपर्यंत उघडू नका, उघडलंत तर राख. अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे चाळून घेतले.

पहिली फजिती पीएचची. कोळसा पाण्यात टाकला की पीएच ९ च्या वर. राखेतला पोटॅश. त्या पीएचला क्रोमियम धरलं जाणारच नाही. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून, मग पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. आम्हाला बारा वेळा धुवावं लागलं.

दुसरी अशी की कोळसा तरंगला आणि मॅग्नेटाइट खाली वेगळंच तयार झालं. छिद्रांत हवा होती. आता कोळसा पाण्यात अर्धा तास उकळायचा, बुडबुडे थांबून दाणे बुडले की लोहाच्या द्रावणात घालून झाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया. वजनाने कोळसा ३, मॅग्नेटाइट १. फेरस रात्रीत हवेने बिघडू नये म्हणून ते सकाळी अमोनियाच्या एक तास आधी घालतो. काळे दाणे झाले, चुंबकाला टाचण्यांसारखे उभे राहतात आणि पाण्यात सोडले तर काही सेकंदांत तळाला.

१६ मे

पीएच ३ ला सहा-संयुजी क्रोमियम जवळपास शून्य. आनंद दोन दिवस टिकला.

कार्बाझाइड फक्त सहा-संयुजी क्रोमियम दाखवतं. आम्लात कोळसा आणि मॅग्नेटाइटमधलं फेरस लोह दोन्ही त्याला तीन-संयुजी बनवतात. ते पाण्यातच असतं, फक्त चाचणीला दिसत नाही. परमँगनेटबरोबर उकळून पुन्हा सहा-संयुजी केलं आणि वाचलं, तर ५ मधलं १.१ अजून पाण्यात होतं. मानक १०५०० मधली लिटरला ०.०५ मिग्रॅची मर्यादा एकूण क्रोमियमची आहे. एकूण न मोजता ‘नव्वद टक्के निघालं’ असं लिहिलेले बरेच प्रकल्प आहेत. तुमचाही त्यात जाऊ देऊ नका.

तोडगा सोपा निघाला. आम्लाच्या टप्प्यानंतर दाणे काढून घ्यायचे आणि पाण्यात चुन्याची निवळी घालून पीएच ८ ते ८.५ ला आणायचा. तीन-संयुजी क्रोमियम हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसतं, सुटलेलं लोखंडही त्याच गाळात ओढलं जातं. गाळून पुन्हा उकळून वाचलं: ०.०८. मर्यादेच्या वरच आहे.

२८ मे

दाणे परत वापरायचे. धरलेलं क्रोमियम सुटावं म्हणून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये एक तास, मग धुणं. दुसऱ्या फेरीला पहिल्याच्या साधारण तीन-चतुर्थांश, तिसऱ्याला निम्म्यावर. तिसरीनंतर श्रम आणि खर्च पाहता नवे दाणे करणंच परवडतं.

१४ जून

पाऊस लागून आठवडा झाला. खाडीकाठच्या विहिरीचा टीडीएस २१० वर आलाय. मचूळ पाणीच राहिलं नाही, आणि एप्रिलचे नमुने आम्ही साठवले नव्हते. कोळशाच्या दाण्यांची मचूळ पाण्यातली तुलना आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी एप्रिलच्या उधाणाला वीस लिटरचा एक कॅन भरून, टीडीएस लिहून, अंधारात ठेवावा.

सुट्या मॅग्नेटाइटची जी बाटली अर्धी रिकामी होती तिच्या वरच्या थराला तांबूस झाक आली. काठोकाठ भरलेली अजून काळी आहे. आज घाणा लावल्यावर अमोनिया निम्मा पडलेला असताना वीज गेली आणि तापमान उतरलं. तो घाणा टाकला. पावसात हीटरवर अवलंबून न राहता उकळतं पाणी थर्मासमध्ये तयार ठेवावं.

२९ जून

टाकाऊ पाणी. क्रोमियमचं सगळं एका कॅनमध्ये, पाऱ्याचं वेगळ्या जाड बाटलीत, दोन्हींवर ठळक नाव. दोन्ही एकत्र करू नका, आणि मोरीत तर थेंबही नाही. इथली मोरी पऱ्ह्याला (ओढ्याला) आणि पऱ्ह्या खाडीला मिळतो.

क्रोमियमच्या कॅनमध्ये पीएच २.५ ला मार्चमधला तो साय धरलेला हिराकस वापरला. आतले खडे अजून हिरवे होते. पिवळा रंग जाऊन हिरवट होईपर्यंत थोडा थोडा घालायचा, मग चुना. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी कार्बाझाइडला जांभळं झालं नाही. परमँगनेटने उकळून पाहिलं तेव्हा पुसट जांभळी छटा आली. म्हणून ते पाणीही सोडलेलं नाही, पुन्हा चुना घालून ठेवलंय. गाळ, वापरलेले दाणे आणि पाऱ्याची बाटली परवानाधारक वाहतूकदारामार्फत जाईल. तोवर खोलीला कुलूप, आणि दाण्यांच्या डब्यावर लाल अक्षरात लिहिलंय की हा चुलीचा कोळसा नव्हे.